मान सरकते

धर्मराजनं बैलजोडी विकली तेव्हा गावात कोणी काही बोललं नाही. बहुतेकांनी आधीच विकल्या होत्या. पोरगा पुण्याला, स्वतःची कंबर धरलेली आणि नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर. अशात दावणीला बैल बांधून त्यांचं तोंड बघत बसण्यात अर्थ नव्हता. अडचण एवढीच झाली की बैल गेले आणि त्यांच्याबरोबर जायला हवा होता तो मान घरातच राहिला.

आमच्या धावड्यात पोळ्याला गावच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. ते ज्याच्या बैलाच्या शिंगांनी तुटेल त्या घराचा वर्षभर मान. वेशीत पहिलं उभं राहायचा हक्क धर्मराजच्या घराचा, म्हणून मानही त्याच घराचा. किती पिढ्यांपासून, ते कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे त्याबद्दल शंकाही कोणी घेत नाही. बैल विकल्यावर दोन पोळे त्यानं सासुरवाडीचे बैल आणून निभावले. यंदा मात्र त्याच्या चुलतभावानं, म्हणजे आदिनाथनं, गावच्या बैठकीत विषय काढला. आदिनाथच्या गोठ्यात अजून खिलारी जोडी आहे आणि वेशीत तो दरवर्षी धर्मराजच्या मागे दुसरा उभा असतो. दुसरं उभं राहून माणसाला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही.

“उसने बैल आणून मान घ्यायचा,” तो म्हणाला, “तर मंग पुढच्या साली उसना धर्मराज आणला तरी चालंल की.”

मध्ये सरपंच अप्पाराव बसले होते. निवृत्त मास्तर. तोरणात त्यांचं काही अडकलेलं नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंनी निवाड्याला त्यांनाच बसवलं होतं. त्यांनी विचारलं, “तुमचं म्हणणं काय? तोरण कोणी तोडायचं?”

आदिनाथ तयारीनं आला होता. “जो घरच्या दावणीला बांधलाय, ज्याला शिंगं हायत आन् आदल्या दिवशी ज्याचा खांदा मळलाय, त्यानंच तोडायचं.”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा तूप-हळदीनं मळतात. वर्षभर त्यावर जू ठेवल्याची ती वर्षातून एकदा मागितलेली माफी. अप्पारावांनी आदिनाथचं वाक्य सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं आणि तोच नियम ठरला. ट्रॅक्टरवाले आपोआप बाद झाले. ट्रॅक्टरला शिंगं नसतात. पण त्या वाक्यात ‘बैल’ हा शब्द कुठेच आलेला नव्हता. आदिनाथच्या ते लक्षात आलं नाही. धर्मराज, जो शाळेत व्याकरणात हमखास नापास व्हायचा, त्याच्या आलं.

पुढच्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. मी भोकरदनला कॉलेजात मराठी शिकवतो. गावाला शिकलेला माणूस लागला की मला बोलावतात. कशाला लागला, ते आल्यावर सांगतात.

“सर, जल्दी ये. इंग्रजी वाचायचं हाय.”

गोठ्यात, जिथं पूर्वी डावा बैल बांधलेला असायचा तिथं, पिवळं-काळं काहीतरी दाव्यानं बांधून ठेवलं होतं. मागे रणगाड्याला असतो तसा रबरी पट्टा. पुढे चाकं असायला हवीत तिथं दोन लांबलचक पट्ट्या, टोकाला वर वळलेल्या, पोरांच्या घसरगुंडीसारख्या. मधे बसायला गादी, आणि गादीच्या पुढे एका दांड्यावर बसवलेलं रुंद, वर उचललेलं हँडल.

जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत वितळवायला परदेशातून भंगार येतं. धर्मराज एका भंगारवाल्याकडं गेटसाठी अँगल बघायला गेला होता, तिथं हे ढिगावर बसलेलं होतं. त्यानं ते वजनावर उचललं.

मी वाकून कडेचा फाटका कागद वाचला. “स्नोमोबाईल.”

“मंजे?”

धर्मराजची आई तुळजाबाई उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “स्नो मंजे तोंडाला लावत्यात त्यो. आमच्या लग्नात व्हता. मोबाईल मंजे मोबाईल. ह्यात न कळण्यासारखं काय हाय?”

“तोंडाला लावायचा नाही, काकू. बर्फ. थंड मुलखात बर्फावरून जायची ही गाडी आहे.”

“बर्फावरून कुठं जात्यात?”

 मी म्हणालो, “पलीकडं.”

धर्मराजला बर्फात रस नव्हता. “सर, ते जाऊ दे. तू शिंगं बघ.” त्यानं हँडलवरून मायेनं हात फिरवला. “गावात एका तरी जोडीला अशी हायत का? दावणीला बांधलंय. शिंगं हायत. खांदा मळू. नियमात बराबर बसतंय.”

“पण धर्मा, हा बैल नाही.”

“बैल पाहिजे असं कोण म्हणलं?”

त्यानं बैठकीतलं वाक्य मला शब्दशः म्हणून दाखवलं. खरंच कोणी म्हटलेलं नव्हतं.

एवढं बोलून तो गादीवर बसला, दोन्ही मुठी धरल्या, आणि हँडल हळूच, कुरकुर न करता, त्याच्या मांडीवर येऊन पडलं. शिंगं खाली गेली. वैरण खायला बैलानं डोकं घालावं तसं ते दिसत होतं. धर्मराजचा चेहरा उतरला. तोरण वेशीत छातीभर उंचीवर असतं. शिंगं ताठ असली तरच ती दोरीला लागणार. ही खाली गेली तर गाडी तोरणाखालून नुसती निघून जाणार, आणि मागून येणारा आदिनाथचा बैल ते आरामात तोडणार.

“बुद्धभूषणला बोलवा,” धर्मराज म्हणाला.

बुद्धभूषणचं फाट्यावर गॅरेज आहे. त्याच्या हाताखालून निघालेली गाडी पुन्हा त्याच्याकडं येत नाही, असं तो सांगतो. ती कुठं जाते ते गिऱ्हाईक सांगतं. त्यानं सप्तपदीतल्या नवरदेवासारखं यंत्राभोवती फिरून घेतलं, दोरी ओढून इंजिन चालू केलं (ते चालू झालं याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं), मग हँडलकडं वळला. हँडलचा पाईप मधोमध एका क्लॅम्पमधे धरलेला होता, वर चार बोल्ट.

“काही न्हाई काका. बोल्ट ढिल्ले हायत.” त्यानं पाना लावला, कण्हला, हँडलला लोंबकळून दाखवलं. हँडल हललं नाही. “उद्या हत्ती बसवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराजनं मुठी धरल्या, आणि शिंगं पुन्हा मांडीवर.

बुद्धभूषणनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाईपला गुंडाळला आणि वरून क्लॅम्प आवळला. त्याला तो पॅकिंग म्हणतो. संध्याकाळी हँडल गच्च, सकाळी मांडीवर. मग पत्रा काढून सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. संध्याकाळी गच्च, सकाळी मांडीवर. मग ट्यूब काढून पॉलिश पेपर घडी करून घातला, खरखरीत बाजू दोन्हीकडं. त्या दिवशी तो स्वतः हँडलवर पोट टेकून आडवा झाला आणि तसाच चहा प्याला. सकाळी पुन्हा तेच.

“वेल्डिंगच मारून टाक ना,” धर्मराज म्हणाला.

“अॅल्युमिनियम हाय काका. माझं वेल्डिंग त्याला धरत न्हाई.”

“मंग भोक पाड, आरपार खिळा घाल.”

“पाईप पोकळ हाय. भोकापाशीच मोडंल. मंग एकच शिंग राहील. एका शिंगाचा बैल लावता का वेशीत?”

सगळ्यात विचित्र गोष्ट ही की बोल्ट ढिले होत नव्हते. रोज सकाळी बुद्धभूषण पाना लावून बघायचा. बोल्ट होते तिथं, तसेच. तो बराच वेळ यंत्रासमोर उकिडवा बसायचा.

“बोल्ट टाइट हायत,” तो मला म्हणाला. “हँडल लूज हाय. दोन्ही खरं हाय. सर, असं असतं का?”

“साहित्यात असतं,” मी म्हणालो.

त्याचं स्वतःचं मत असं पडलं की वस्तू थंडीतली आहे, आपल्याकडच्या उन्हानं आतून पसरते आणि रात्री आकसताना सुटते. मी म्हणालो, इंजिनाच्या थरथरीनं सुटत असेल. त्यानं आठवण करून दिली की इंजिन रात्री बंद असतं. धर्मराजला आमचे दोन्ही सिद्धांत पोरकट वाटले. त्याच्या मते आदिनाथ रात्री येऊन काहीतरी करत होता. त्यानं गोठ्याला कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. सकाळी कुलूप तसंच, आणि शिंगं खाली.

“कुलपातून कसा शिरला?” धर्मराज म्हणाला. त्याचा आदिनाथबद्दलचा आदर त्या आठवड्यात फार वाढला.

पोळ्याच्या आदल्या सकाळी मी गोठ्यात गेलो तेव्हा बुद्धभूषण दारातच थांबलेला होता. तोंडावर बोट ठेवून त्यानं आत दाखवलं. गादीवर घरचं मांजर बसलं होतं, दोन पाय क्लॅम्पवर टेकवून. डोळे मिटून, मन लावून, ते क्लॅम्प चाटत होतं.

बुद्धभूषणनं मांजराला बाजूला केलं, क्लॅम्पच्या फटीतून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग माझ्या नाकाशी. साजूक तूप. हळदीसकट. इतके दिवस तो ते आपल्याच हातांचं ग्रीस समजत होता.

“काकी!” धर्मराजची आई सगळ्या गावाची काकी आहे, त्यामुळं तो घराच्या दिशेनं ओरडला. “हे कोणी लावलं?”

“म्या लावलं,” तुळजाबाई आतूनच म्हणाल्या. मग बाहेर आल्या, कारण प्रश्नाचा रोख त्यांना आवडला नव्हता. “रोज लावून राह्यले. दिवा लावल्यावर, कुलूप घालायच्या आधी. का?”

धर्मराज म्हणाला, “माय, खांदा मळायचा तर आज मळायचा. आठ दिस कामून मळून राह्यली?”

“सात समिंदर ओलांडून आलंय ते मुकं जनावर. भंगारात पडलं व्हतं. अंगाला कोणी हात तरी लावला व्हता का त्याच्या? तूच म्हणला ना यंदा ह्योच बैल? मंग बैलाचं करावं लागतंय. चार दिस बघितलं, मान टाकून बसलेलं. म्हणलं अशक्तपणा असंल. तूप वाढवलं.”

बुद्धभूषण खाली बसला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं, म्हणून तो पेट्रोल आणायला गेला.

त्यानं क्लॅम्प खोलला, पाईप पेट्रोलनं धुतला, कोरड्या फडक्यानं पुसला, नवा पॉलिश पेपर घातला आणि बोल्ट आवळले. मग आम्ही तिघांनी मिळून हँडल ओढलं. गाडी ओढली गेली, हँडल हललं नाही. धर्मराजच्या डोळ्यांत पाणी आलं. बहुधा पेट्रोलमुळं असेल, पण मी त्याची पाठ थोपटली.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी खांदा मळताना बघायला आदिनाथ स्वतः आला, बरोबर अप्पाराव. नियमाचा तिसरा भाग राहिला होता.

“मळा,” आदिनाथ म्हणाला. “सकाळी पिवळा दिसला पाहिजे. पुसून टाकला तर मळला न्हाई असं धरू.”

 खांदा मळला तर हँडल सरकणार. न मळला तर गाडी नियमातच बसणार नाही. धर्मराजनं माझ्याकडं पाहिलं. शिकलेला माणूस लागला होता.

मी घसा साफ केला. “मूळ प्रश्न असा, की या यंत्राचा खांदा कोणता? खांदा म्हणजे ज्यावर ओझं येतं तो भाग. ओझं गादीवर येतं. तेव्हा खांदा म्हणजे गादी. गादी मळावी.”

“मंजे बैलाचा खांदा पाठीवर असतो?” आदिनाथनं विचारलं. “कॉलेजात हेच शिकवता व्हय?”

बुद्धभूषणनं पुढच्या बंपरचं नाव सुचवलं. जू बांधायचं झालं तर तिथंच बांधता येईल. आदिनाथ म्हणाला, बंपर म्हणजे नाक. धर्मराज म्हणाला, मग वेसण कुठं घालायची? आदिनाथ म्हणाला, ते तुझं तू बघ, बैल तुझा आहे. अप्पाराव म्हणाले, बैल हा शब्द नियमात आलेला नाही, तो वापरू नये. यावर आदिनाथ दचकला. त्यानं मनात ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं असावं, कारण त्याचे ओठ हलले आणि चेहरा पडला.

“काकी, तुम्ही सांगा,” अप्पाराव म्हणाले. “तुमच्या शब्दाला आदिनाथची हरकत नसावी.”

“न्हाई,” आदिनाथ म्हणाला. “काकी खोटं बोलणार न्हाईत.”

धर्मराज आईकडं बघत राहिला. एक शब्द, गादी, एवढाच म्हणायचा होता. तुळजाबाईंनी मुलाकडं पाहिलं, मग यंत्राकडं. हातातली तुपाची वाटी त्यांनी पुढे केली.

“जिथं मान संपती तिथं खांदा असतो,” त्या म्हणाल्या. “माणसाचा बी तिथंच असतो.” आणि त्यांनी क्लॅम्पवर बोटं फिरवायला सुरुवात केली, वरून, खालून, फटीतून. मग पुढच्या दिव्यापाशी तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

बुद्धभूषणनं बोल्टांना आणखी एकेक आटा दिला. “आता वरून श्रद्धाच आवळा,” तो धर्मराजला म्हणाला. “माझ्याकडं तेवढ्या नंबरचा पाना न्हाई.”

पोळ्याच्या दिवशी यंत्र देखणं दिसत होतं, हे आदिनाथच्या बायकोनं, शालूनंसुद्धा, कबूल केलं. मुठींना हिंगूळ, गोंडे, पुढच्या पट्ट्यांना घुंगरं, गादीवर झूल. रान ओलं होतं. शेतातून वेशीपर्यंतच्या काळ्या चिखलात सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतत होते आणि हे मात्र वरच्यावर सरसर येत होतं. खरे बैल त्याच्याकडं बघून बिचकत होते. धर्मराज फेटा बांधून, हात लांब करून, हँडल ताठ धरून बसला होता. त्याला आजूबाजूला बघायची सोय नव्हती. त्याचं सगळं लक्ष मुठीत होतं.

वेशीत तोरण ताणलेलं. मागे आदिनाथची जोडी, शिंगांना बेगड. मंगलाष्टका झाल्या, तांदूळ पडले, वाजंत्री सुरू झाली. धर्मराजनं अंगठ्यानं वेग वाढवला, कारण या गाडीचा वेग अंगठ्यानं वाढवायचा असतो. शिंगं दोरीला लागली. दोरी ताणली गेली. क्षणभर वाटलं तुटली.

आणि हँडल सरकलं. अगदी सावकाश, तुपात सरकावं तसंच, ते मागे झुकलं आणि धर्मराजच्या मांडीवर येऊन बसलं, अंगठ्यासकट. अंगठा खाली दाबला गेल्यामुळं गाडी थांबली नाही. दोरी शिंगांवरून घसरली, गोंड्यांवरून गेली, आणि धर्मराजच्या गळ्याशी आली. त्यानं मान ताठ केली. दुसरं काही करायला वेळच नव्हता. काड्कन आवाज झाला, आंब्याची पानं उडाली आणि तोरण तुटलं. पुढं जाऊन गाडी पिंपळाच्या पाराला टेकून बंद पडली.

वाजंत्री थांबली. धर्मराज गळ्यात अर्धं तोरण घेऊन उतरला. मानेवर लाल वळ उठला होता.

“शिंगांनी न्हाई तुटलं!” आदिनाथ ओरडला. “समद्या गावानं बघितलं. मानेनं तुटलं.”

सगळ्यांनी अप्पारावांकडं पाहिलं. अप्पारावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“वाद मान कोणाचा, एवढाच होता ना?” ते म्हणाले. “तोरण मानेनं तुटलंय, आणि मान धर्मराजचीच आहे. यात मला दुसऱ्या कोणाची मान दिसत नाही.”

व्याकरणानं हे चूक होतं. एक मान पुल्लिंगी, दुसरी स्त्रीलिंगी. मी हात वर करणार होतो, पण माझ्याकडं कोणी बघत नव्हतं. गाव खूश झालं होतं. निवाडा ऐकायला चांगला वाटला की तो बरोबर असतो, असा आमच्याकडं समज आहे.

 मग आदिनाथचा चेहरा हळूहळू उजळला. तो धर्मराजजवळ आला.

“कबूल,” तो म्हणाला. “मान तुझा. पण दादा, तोरण तोडतो त्यो मानाचा बैल. मानाच्या बैलाला घरोघर न्यायचं, पाय धुवायचे, पुरणपोळी चारायची. पूजा घेतली न्हाई तर मान पुढं सरकतो. माझ्याकडं. बराबर का, सरपंच?”

“प्रथा तशी आहे,” अप्पाराव म्हणाले.

धर्मराजनं यंत्राकडं पाहिलं. ते पाराला नाक लावून मुकं उभं होतं. त्याला घरोघर नेता येत होतं, पण तोरण त्यानं तोडलेलं नव्हतं. मग त्यानं आईकडं पाहिलं.  त्यांना सांगण्यासारखं जे होतं ते त्यांनी काल सांगितलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

“चला,” तो म्हणाला.

पद्धतीप्रमाणे पहिलं घर चुलतभावाचं. आदिनाथच्या अंगणात पाट मांडला होता. मागे गाव, पुढे वाजंत्री, मधे धर्मराज, गळ्यात तोरण, मान जराही वळवता येत नसल्यामुळं फार ताठ. शालू पाण्याचा तांब्या आणि आरती घेऊन बाहेर आली. तिनं डोक्यावर पदर घेतला, दिराला कुंकू लावायला हात उचलला, आणि थांबली. तिनं खाली पाहिलं, मग त्याच्या हातांकडं पाहिलं. तिला थट्टा करायची नव्हती, खरोखरच कळत नव्हतं.

“दादा,” तिनं हळू आवाजात विचारलं, “कोणते धुवू? पुढचे, का मागचे?”